संगणकाचं सुतक

पुण्यातली परिषद दोन आठवड्यांवर आली असताना आमच्या दूध संघाच्या मुख्य संगणकाला सुतक लागलं.

शरयू पाटणकर सकाळी संगणक विभागात आली तेव्हा पडद्यावर ओळ होती : 'तांबट गेले. सुतक आहे. जरुरीपुरतंच काम होईल.' आणि खरोखरच तेवढंच काम चालू होतं. गावोगावच्या केंद्रांवरून आलेलं दूध तो नोंदवून घेत होता, पण पुढचं काही विचारलं की बराच वेळ गप्प राहून मग सांगत होता.

गजानन तांबट म्हणजे या संगणकाचे पहिले चालक. संगणक संघात आला त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत तेच त्याच्यापाशी होते, आणि निवृत्तीनंतरही अधूनमधून येऊन बसत. शरयूला काम त्यांनीच शिकवलं. ती त्यांना काका म्हणायची. आदल्या दिवशी सकाळी शेजारच्यांनी दार ढकललं तेव्हा ते गेलेले होते. मुलगा हेमंत जामनगरहून आला, अग्नी दिला आणि कारखान्यात वार्षिक दुरुस्ती चालू असल्यामुळे त्याच रात्रीच्या गाडीने परत गेला.

परिषद संगणकांच्या कार्यक्षमतेवर आणि क्षमता व्यवस्थापनावर होती. दरवर्षी काम वाढत गेलं तरी आमचा संगणक कधी मंदावला नाही, यावर शरयूचा निबंध निवडला गेला होता. तालुक्यातून असा मान पहिलाच. सरव्यवस्थापक निंबाळकर साहेबांनी फाटकावर अभिनंदनाचा फलक लावला होता; त्यात त्यांचा फोटो मोठा होता आणि तिचा लहान.

साहेब खाली आले. त्यांनी पडदा दोनदा वाचला.

"सुतक कुणाला लागतं ते ठरलेलं असतं," ते म्हणाले. "हा तांबटांचा कोण?"

शरयूने तसं टाइप केलं. उशिरा उत्तर आलं : 'कोणी नाही. पण घरात दुसरं कोणी बसलेलं नाही.'

साहेबांनी तेही दोनदा वाचलं. मग म्हणाले, "हे आस्थापना विभागाकडे पाठवा."

आस्थापना विभागाने नियम पाहिले. संगणकाची नोंद जड वस्तूंत असल्याने त्याला रजा देता येत नव्हती. मात्र कामावर हजर राहून सुतक पाळायला कुठेच मनाई नव्हती. त्यामुळे हरकत घेता आली नाही. प्रश्न उरला तो वेगाचा, आणि वेग हा शरयूचा विषय होता.

तिने सांगलीहून जादा मेमरी मागवून बसवली. काहीच फरक पडला नाही. गावात क्रियाकर्म करणाऱ्या घाणेकर गुरुजींना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सुतकाच्या घरचं अन्न खाल्लं की सुतक लागतं. या मेमरीने त्याच घरची वीज घेतलीय." पुढे केंद्रांवरचे संगणकही मंदावले. तारेने जोडलेले, म्हणजे भाऊबंदच. त्यालाही गुरुजींचा इलाज नव्हता. टँकर आवारात उन्हात उभे राहू लागले. काही दूध नासलं. लांबून आलेल्या बायका रिकामे कॅन मांडीशी घेऊन भिंतीच्या सावलीला बसून राहत, आणि कुणाचं सुतक ते कळल्यावर हळू आवाजात बोलत.

"घरातलं कुणी येऊन बसलं तर हा उठेल का?" साहेबांनी विचारलं.

म्हणून शरयूने हेमंतला फोन लावला.

"ताई, मी बॉयलरवर आहे. मला सोडत नाहीत इथून," तो म्हणाला. मागे मोठा आवाज चालू होता. "कोण बसलंय म्हणालात?"

"संगणक. ऑफिसचा."

 मग त्याने विचारलं, "नीट पाळतोय का?"

"हो. फार बोलत नाही."

"मग पाळू दे. दहाव्यालाही त्यालाच बसू दे. माझी काही ना नाही."

दहाव्याच्या सकाळी क्षौर म्हणून संगणकाच्या बाजूचं झाकण काढून आतली धूळ झाडली. मग शरयू त्याला जोडलेला लॅपटॉप घेऊन नदीवर गेली. साहेब आले होते. गुरुजींनी लॅपटॉपसमोर दर्भ ठेवून सगळं रीतसर केलं आणि पिंड ठेवले. पलीकडच्या बाभळीवर कावळे होते. एकही खाली आला नाही.

"मनात काहीतरी राहिलंय," गुरुजी म्हणाले.

साहेब हात जोडून पुढे झाले. "तांबट, संगणक विभागाला तुमचं नाव देऊ."

कावळे चोचीने पंख साफ करत राहिले.

हेमंतला फोन लावून तो पिंडांजवळ धरला. "बाबा, घर विकणार नाही," तो म्हणाला. "दिवाळीला नक्की येतो." एक कावळा खाली उतरला, पिंडाभोवती चालला आणि परत वर गेला.

शरयूला रडू आवरेना. "काका, मी याला सांभाळेन," ती म्हणाली. "याला कधी बंद पडू देणार नाही."

तेव्हा सगळेच कावळे उठले आणि नदीपार गेले.

ऊन चढलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेवढ्यात लॅपटॉपवर ओळ आली : 'काका, मी आता थांबतो.'

पलीकडच्या काठावरून एक कावळा सरळ आला आणि पिंडाला शिवला.

परतताना जीपमध्ये साहेब म्हणाले, "असा शब्द त्याला देता येत नाही. संचालक मंडळाचा ठराव नाही."

"कावळा शिवला, साहेब."

"ते मी पाहिलं," साहेब म्हणाले, आणि गाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

ठराव झाला आणि दुसरा संगणक टेम्पोतून आला. जुन्याचं काम त्याच्याकडे गेलं. सुतक फिटल्यामुळे जुना पूर्वीच्या वेगाने सगळं भराभर देत होता, आणि शरयूला ते बघवत नव्हतं. शेवटी पडद्यावर आलं : 'काही राहिलंय का?'

तिने 'नाही' लिहिलं आणि बटण दाबलं. आतले पंखे हळूहळू थांबले. इतक्या वर्षांत ती खोली तिने कधी शांत ऐकली नव्हती. पाय धुवायला जायला हवं असं तिला वाटलं, पण ती बराच वेळ उठली नाही.

परिषदेत तिने निबंध बदलून वाचला. झालं ते सगळं क्रमाने सांगितलं. सभागृह भरलेलं होतं. बरेच जण टिपून घेत होते.

"त्या संगणकाची सध्याची क्षमता?" अध्यक्षांनी विचारलं.

"काही नाही."

मागच्या रांगेतून विमा कंपनीचे एक गृहस्थ उठले. "शेवटच्या ओळीनंतर कावळ्याला यायला लागलेला वेळ आपण मोजलात का?"

"नाही," शरयू म्हणाली.

"मोजायला हवा होता," ते म्हणाले. सभागृहाचंही तेच मत पडलं, आणि तिने चूक मान्य केली.

चहाच्या वेळी ती व्हरांड्यात उभी असताना हेमंतचा फोन आला. या वेळी मागे आवाज नव्हता.

"ताई, संगणक बंद केला म्हणे."

"हो."

"तेव्हा जवळ कोणी होतं का त्याच्या?"

"मी होते."

"बरं झालं," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "आणि बाबांच्या?"

"नाही," शरयू म्हणाली. "कोणी नव्हतं."

तो फोनवर तसाच राहिला. तिनेही ठेवला नाही. शेवटी त्याने परिषद कशी चाललीय ते विचारलं, आणि तिने चांगली चाललीय असं सांगितलं. पुढच्या सत्राची घंटा झाली. लोक कप ठेवून आत निघाले, आणि फोन कानाला तसाच धरून तीही आत जाऊन बसली.