दोनचा पत्रा

"म्हणजे संघ वाचला तर तुम्ही घरी बसणार आणि संघ बुडाला तर तुमचं काम टिकणार," होईलरावांच्या बायकोने सगळं नीट समजून घेतलं. "आणि तरीही संघ वाचावा असंच तुम्हाला वाटतंय?"

"म्हणजे काय! वाटायला नको?" होईलराव बुटाची नाडी बांधत म्हणाले. "आणि वाचणारच आहे. नुसती बरोबरी पुरे आहे आज."

बायकोने कपाळाला हात लावला नाही एवढंच. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि कपाळाला हात लावून काही उपयोग होत नाही, हे तिला पहिल्या दोन वर्षांतच कळलं होतं.

होईलराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. आठवडाभर ते पाणीखात्यासाठी घरोघर फिरून मीटरचे आकडे वाचत आणि रविवारी फुटबॉल क्लबच्या मैदानावर शिडी चढून बोर्डावर गोलांचे आकडे टांगत. पहिल्या कामाचा पगार मिळे. दुसऱ्या कामाबद्दल मध्यंतराचा चहा मिळे, तोही उरला तर. संघ नेमाने हरे. लोक माना खाली घालून बाहेर पडू लागले की शिडीवरून आवाज येई, "होईल हो, पुढच्या वेळी होईल!" बावीस वर्षं हे ऐकल्यावर लोकांनी दुसरं कोणतं नाव ठेवायचं?

या वर्षी मात्र पाणी गळ्याशी आलं होतं. शेवटचा सामना उरला होता. तो हरला तर संघ खालच्या गटात जाणार होता. बरोबरी झाली तर वरच्या गटात राहणार होता आणि एक उदार व्यापारी क्लबला इलेक्ट्रॉनिक बोर्ड भेट देणार होता. क्लबच्या सेक्रेटरींनी हे होईलरावांना मोठ्या आनंदाने सांगितलं, आणि मग शिडीकडे पाहून जरा चाचरत म्हणाले, "तुमच्या जागेचं... बघू काहीतरी." होईलरावांनीही शिडीकडे पाहिलं. त्या शिडीवरून दिसतं तेवढं मैदान जगात कुठूनही दिसत नाही, अशी त्यांची समजूत होती. तरीपण संघ वाचावा ही इच्छा त्यांच्या मनातून एक क्षणही हलली नाही. याला निष्ठा म्हणायचं की आणखी काही, ते ज्याचं त्याने ठरवावं.

सामना सुरू झाला आणि पाहुण्यांनी दहाव्या मिनिटाला गोल केला. होईलरावांनी पाहुण्यांच्या बाजूला एकचा पत्रा टांगला. अर्ध्या तासाने आपल्या कॅप्टनने कसाबसा गोल फेडला. होईलरावांनी आपल्या बाजूला एकचा पत्रा टांगला आणि तो शर्टाच्या बाहीने पुसलाही. इथवर सगळं ठीक होतं.

मध्यंतराला अगदी एखादाच क्षण उरला असताना पाहुण्यांच्या गोलसमोर गर्दी झाली. चेंडू कॅप्टनच्या पाठीवर आपटला, तिथून कुणाच्या तरी गुडघ्यावर आणि तिथून जाळ्यात गेला. त्याच वेळी रेफरीची लांब शिट्टी वाजली. ही शिट्टी गोलची, की गोलच्या आधी संपलेल्या वेळेची? रेफरीला विचारायची सोय नव्हती. मागच्या रविवारी कोचने त्याला नुसती वेळ विचारली होती, तर त्याने कोचला मैदानाबाहेर काढलं होतं. मग सगळ्या मैदानाने बोर्डाकडे पाहिलं. कॅप्टननेही पाहिलं. बोर्डावर आपल्या बाजूला एकच होता.

"मलाही वाटलंच," कॅप्टन म्हणाला. "आपला दुसरा गोल कसा असेल?" आणि सगळे चहा प्यायला गेले.

शिडीवर होईलराव मात्र घामाघूम झाले होते. त्यांनी वरून स्पष्ट पाहिलं होतं. आधी चेंडू आत गेला होता, मग शिट्टी वाजली होती. शिवाय रेफरीने खिशातून वही काढून काहीतरी लिहिलं होतं, आणि मध्यंतर झालं म्हणून कुणी वही काढत नाही. गोल शंभर टक्के झाला होता. फक्त दोनचा पत्रा त्यांच्या घरी, न्हाणीघरातल्या पिंपावर होता.

त्याचं असं झालं होतं. सहा वर्षांपूर्वी मैदानावरची सामानाची खोली गळायला लागली, तेव्हा आपल्या बाजूचे दोनपासून पुढचे सगळे पत्रे होईलरावांनी रंगवायला म्हणून घरी नेले. पाहुण्यांचे नेले नाहीत, कारण ते दर आठवड्याला लागत. रंग आठवड्यात वाळला. त्याच आठवड्यात पिंपाचं झाकण फुटलं. "तात्पुरता दोनचा ठेवते," बायको म्हणाली. मग वॉशिंग मशीन हलायला लागलं, त्याच्याखाली तीनचा गेला. गॅसमागच्या भिंतीवर तेल उडू नये म्हणून चारचा उभा राहिला. प्रत्येक वेळी "तात्पुरतं" हा शब्द दोघांनीही मनापासून उच्चारला होता. आणि खरं सांगायचं तर सहा वर्षांत घरच्या मैदानावर दुसऱ्या गोलने कुणाचीच अडचण केली नव्हती.

सेक्रेटरींना सांगावं, तर पत्रे कुठे आहेत तेही सांगावं लागणार. त्याहून वाईट म्हणजे, जो माणूस बावीस वर्षं सगळ्यांना धीर देत आला, त्यानेच दोनचा आकडा पिंपावर झाकण म्हणून घातलाय, हे गावभर होणार. होईलराव गुपचूप खाली उतरले आणि सायकलवर बसले. मध्यंतर पंधरा मिनिटांचं होतं आणि घर सात मिनिटांवर होतं.

घरी न्हाणीघराचं दार बंद होतं.

"आई केस धुतेय," बायको म्हणाली. "एवढे धापा का टाकताय? काय हवंय?"

"पिंपावरचा पत्रा! गोल झाला. दुसरा!"

"कुणाचा, आपला?" बायको त्यांच्याकडे पाहतच राहिली. "उन्हात टोपी घातली होतीत ना?"

होईलरावांनी दार ठोठावलं. "सासूबाई, जरा पिंपावरचं झाकण द्या हो!"

"जावईबापू, झाकणावर माझं तेल आहे, शिकेकाई आहे, फणी आहे," आतून शांतपणे उत्तर आलं. "आणि पाणी असं उघडं टाकू नये."

"अहो, संघाचा प्रश्न आहे!"

"हरला ना? मग आता कसली घाई?"

"हरला नाही! पुढे आहे!"

आत क्षणभर पाणी ओतायचं थांबलं. "त्यांना पाणी दे गं प्यायला," सासूबाई लेकीला म्हणाल्या आणि पुन्हा केस धुवायला लागल्या.

पत्रा हातात पडेपर्यंत वीस मिनिटं गेली. होईलराव तो तसाच ओला घेऊन पळणार, तेवढ्यात बायकोने त्यांना थांबवलं. तिने पदराने पत्रा पुसला, कडेला लागलेलं तेल खरवडून काढलं आणि जुन्या चादरीत नीट गुंडाळून दिला. "पहिल्यांदाच लागतोय," ती म्हणाली. "असा कसा नेता?" होईलरावांना एकदम भरून आलं, पण रडायला वेळ नव्हता.

मैदानावर पोचून पाहतात तर बोर्ड एक-दोन दाखवत होता. पाहुण्यांनी मध्यंतरानंतर गोल केला होता आणि बोर्डावर कुणीच नाही हे पाहून स्वतः सेक्रेटरींनी शिडी चढून पाहुण्यांचा दोनचा पत्रा टांगला होता. तो अर्थातच जागेवर होता.

"होतात कुठे तुम्ही?" सेक्रेटरी वरून ओरडले. "शेवटच्या दिवशी तरी!"

"साहेब, आपलेही दोन आहेत. मध्यंतराच्या वेळचा गोल खरा होता. बरोबरी आहे साहेब, आपण वाचलोय!"

"होईलराव," सेक्रेटरींचा आवाज एकदम मऊ झाला, "तुमचं मन मी समजू शकतो. पण म्हणून बोर्डावर मनाला येईल तो आकडा लावायचा नसतो."

असा वाद चालू असताना मैदानात मात्र नवल घडत होतं. आपण हरतोय अशी खात्री झाल्यामुळे संघ सुटल्यासारखा खेळत होता. जे गडी एरवी चेंडू दिसला की बाजूला होत, तेच त्याच्यामागे धावत होते. शेवटची दोन-तीन मिनिटं उरली असताना कॅप्टनने वीस पावलांवरून असा चेंडू हाणला की जाळंच हललं. मैदान नाचायला लागलं.

"लावा, लावा दोन!" सेक्रेटरी ओरडले, आणि होईलरावांच्या हातातून पत्रा ओढून त्यांनी स्वतःच टांगला. "नशीब, तुमच्या हातात तयारच होता!"

"साहेब, आता तीन लावायला हवेत."

"आणि कुठेय तो तीन?"

"वॉशिंग मशीनखाली," होईलराव म्हणाले.

सेक्रेटरींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि त्यांना सावलीत बसायला सांगितलं.

बोर्ड दोन-दोन दाखवू लागला. आता बरोबरी झाली, म्हणजे आपण वाचलो, असं संघाला वाटलं आणि त्याच क्षणी संघाला कापरं भरलं. अकराच्या अकरा जण मागे येऊन आपल्या गोलसमोर दाटीवाटीने उभे राहिले. गोलकीपरला चेंडूच दिसेना. दोन मिनिटांत पाहुण्यांनी गोल केला. बोर्डावर दोन-तीन झालं आणि लगेच शेवटची शिट्टी वाजली.

कॅप्टन गवतावर आडवा पडून रडू लागला. पाहुणे एकमेकांच्या खांद्यावर चढले. लोक नेहमीसारखे माना खाली घालून बाहेर निघाले, आणि सावलीतून उठून पुन्हा शिडीवर चढलेल्या होईलरावांचा नेहमीसारखाच वरून आवाज आला.

"अहो थांबा! वाचलोय आपण! तीन-तीन झालंय!"

कुणी थांबलं नाही. एका म्हाताऱ्याने फक्त वर पाहून हात जोडले. "होईलराव, आज तरी राहू द्या हो."

होईलराव आयुष्यात पहिल्यांदा आशा करत नव्हते, डोळ्यांनी पाहिलेलं सांगत होते. पण बावीस वर्षांत त्यांनी इतक्यांदा धीर दिला होता की दोन्हींतला फरक ओळखायचं कुणालाच कारण उरलं नव्हतं. त्यांचा घसा बसेपर्यंत मैदान रिकामं झालं.

अर्ध्या तासाने रेफरीने सही करून कागद दिला. त्यावर तीन-तीन लिहिलं होतं. सेक्रेटरींनी तो तीनदा वाचला. मग त्यांनी कोचला आणि होईलरावांना क्लबच्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं. होईलरावांनी पिंपापासून गॅसपर्यंत सगळं सांगितलं.

"मला वाटायचं, सगळ्यांनी सोडला तरी मी विश्वास सोडला नाही," ते म्हणाले. त्यांना वर बघवत नव्हतं. "पण दोनचा पत्रा मीच घरी नेला, आणि सहा वर्षं परत आणावा असं मलाही वाटलं नाही. तुम्ही मला काढणारच आहात. काढायलाच हवं."

"काढायचा प्रश्नच नाही, नवा बोर्ड येतोच आहे," सेक्रेटरी म्हणाले. "तो रेफरीच्या बटणावर चालतो. त्याची कधी चूक होत नाही."

"कधीच नाही?" कोचने विचारलं.

"कधीच नाही."

"मग नको आपल्याला तो."

सेक्रेटरींना वाटलं, आज सगळ्यांनाच ऊन लागलंय. पण कोच उठून उभा राहिला. "मी या पोरांना चार वर्षं शिकवतोय. शिव्या दिल्या, शपथा घातल्या, पहाटे पळवलं. कधी तीन गोल केले? आज केले. का? तर आपण हरतोय असं वाटलं म्हणून. आणि बरोबरी दिसली तेव्हा काय केलं, ते पाहिलंत ना? या संघाला आपलं बरं चाललंय हे कधीही कळता कामा नये."

"पण खेळताना त्यांना कळणार नाही का, गोल किती झाले ते?"

"कळू दे. स्वतःचे डोळे आणि बोर्ड यांत ते बोर्डावरच विश्वास ठेवतात. आज कॅप्टनने स्वतःच्या पाठीवरून गेलेला गोल मानला का?"

बराच वेळ वाद होऊन ठरलं ते असं: व्यापाऱ्याला आभाराचं पत्र लिहून नकार कळवायचा. होईलरावांनी जन्मभर शिडीवर राहायचं. अट एकच, आपला एक गोल नेहमी कमी दाखवायचा आणि हे प्राण गेला तरी कुणाला सांगायचं नाही.

"आणि आपले शून्यच असले तर?" होईलरावांनी घाबरत विचारलं. "शून्यातून एक कसा कमी करू?"

कोचने थोडा विचार केला. "मग त्यांचा एक वाढवा."

नवा हंगाम सुरू झाला. तिसऱ्या रविवारी मध्यंतराला बोर्ड शून्य-चार दाखवत होता आणि खाली लोक हताश बसले होते. कुणी घड्याळ पाहत होतं, कुणी उठून निघालं होतं. शिडीवरून या वेळी धीराचा शब्द आला नाही, कारण तोंड उघडायची बंदी होती. होईलराव वर पाय हलवत, उरलेला गार चहा पीत बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी तृप्ती होती की खालून पाहणाऱ्याला त्यांची कीव यावी. साऱ्या मैदानात ते एकटेच असे होते की ज्यांना अगदी खात्रीने ठाऊक होतं, दिसतंय तितकं वाईट चाललेलं नाही.