मामींच्या चटया

बायको कशी रमवायची ते माझ्याकडून शिका! असं मी दसऱ्याच्या दिवशी, हातात आपट्याची पानं घेऊन, जासईला भर सासुरवाडीत सगळ्यांसमोर बोललो. बोलताना छाती अशी काही फुगली की सदऱ्याचं वरचं बटण तटकन तुटलं आणि सासूबाईंच्या पुढ्यात जाऊन पडलं. तेव्हाच गप्प बसायला हवं होतं!

त्याचं झालं असं. लग्न होताच मी मीनाला वाशीला आणलं. एकोणऐंशी सालची वाशी म्हणजे नवी कोरी घरं, रुंद रस्ते, आणि त्या रस्त्यांवर फिरायला आम्ही दोघं आणि डास! मी तुर्भ्याच्या रंगाच्या कारखान्यात कारकून. सकाळी जायचो, संध्याकाळी यायचो. मीना दिवसभर खिडकीत. जासईला दारात नुसतं बसलं तरी येणारा-जाणारा थांबून बोलतो. इथे शेजारच्या केशरबाई तेवढ्या, त्याही दार किलकिलं करून हसायच्या आणि पुन्हा लावून घ्यायच्या. शेवटी गणपतीला माहेरी गेलेली मीना परत यायचं नावच घेईना.

"माजी पोर सुकली तिथं," यशोदाबाई म्हणाल्या. या माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला मामी म्हणतात. मामींनी जासईत हाक मारली की उरणच्या कोंबड्या जाग्या होतात! "तुलशीच्या लग्नापरत तिचा जीव नाय रमला, तं बिऱ्हाड उचलायचं आनि हितं यायचं. घरजावाय म्हनून!"

घरजावई! करंजाड्याला आमच्या घरात हा शब्द कुणी उच्चारला तरी आजोबा भरल्या ताटावरून उठायचे.

"कबूल!" मी म्हणालो. "आणि रमली तर?"

"तं तुमी म्हनाल तसं."

"मग तुम्हीच या वाशीला राहायला. कायमच्या!"

सगळे खो खो हसले. मामी हसल्या नाहीत. त्यांनी माझं बटण उचललं, पदराच्या टोकाला गाठीत बांधलं आणि म्हणाल्या, "मी आताच येते संगती. पोर रमते का नाय, ते मना माज्या डोल्यांनी बघायचंय."

माझा बेत तयार होता. कॉलनीच्या मैदानात त्या दिवसांत दर शनिवारी मंडळवाले पडदा लावून सिनेमा दाखवायचे आणि दर रविवारी तिथेच कारखान्यांचे कबड्डीचे सामने व्हायचे. पावसाळा सरलेला, संध्याकाळी खाडीवरून गार वारा. बायकोला आणखी काय हवं? महिनाभर शनिवारी सिनेमा, रविवारी कबड्डी! डास चावतील तेवढेच.

पहिल्या शनिवारी मी घरी येतो तो काय, मैदानात पडद्यासमोर चटयाच चटया! मामींनी जासईहून वळकट्या बांधून आणल्या होत्या आणि भर उन्हात अंथरून ठेवल्या होत्या.

"मामी, आपण तीन माणसं! एवढ्या चटया कशाला?"

"जागा धराया. आमच्या गावाला अशीच धरतात."

अंधार पडला, माणसं जमली. त्यांना वाटलं, चटया मंडळाच्या! बघता बघता पन्नासेक माणसं ऐसपैस बसली. मी "अहो, अहो" करत धावलो, तर मामींनी माझा सदरा मागून धरला.

"बसू द्या. आपल्या चटईवर बसला त्यो आपला पाहुना. मीने, घरून शेंगा आन! उकडून ठेवल्यान त्या!"

तुम्हाला सांगतो, मी हबकलो. मामींनी दुपारपासून पातेलं चढवलं होतं! पन्नास अनोळखी माणसांत त्या ओंजळीने शेंगा वाटत फिरल्या. कोण कुठला, गाव कोणतं, पोरं किती, सगळं विचारलं. शेजारच्या केशरबाईंच्या नवऱ्याचं नाव नामदेव आहे, तो माझ्याच कारखान्यात आहे आणि आमच्या कबड्डी संघाचा कप्तान आहे, हे मला मामींकडून कळलं!

"जय भीम, कान्हाभाऊ," मध्यंतरात नामदेव शेंगा सोलत माझ्या कानाशी आला. "सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहताय जणू?"

"नाही हो!"

"राहा की! माणसं म्हणायलीत, यांनी चटया बी टाकल्या अन् खायला बी दिलं!"

मीनाचं मात्र काही कळेना. घरी येताना विचारलं, "कसा वाटला सिनेमा?" तर म्हणाली, "बरा होता." बरा! माझ्या डोळ्यांपुढे जासईचा ओटा दिसायला लागला.

रविवारी कबड्डी. आमचा रंगाचा कारखाना विरुद्ध तुर्भ्याचाच एक पत्र्याचा कारखाना. आमचे साहेब खुर्चीवर. आमचा संघ पुढे, मी खूश. आणि तेवढ्यात मागून मेघ गडगडावा तसा आवाज आला, "अरं, पाय धर त्याचा! सोडू नको!"

मामी पत्र्यावाल्यांना ओरडत होत्या!

"मामी, तो आपला नामदेव आहे! आपण या बाजूला!"

"ते हरतान ना? त्यांच्या बाजूला कोन हाय? कोनीच नाय!"

पत्र्यावाल्यांच्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक! त्यांनी मामींच्या आवाजावर एकेक गडी असा धरला की आमचा संघ आडवा झाला. साहेबांनी मान वळवून आधी मामींकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी चपलेचा अंगठा तपासू लागलो. पण मामींचं अजून संपलं नव्हतं. त्या तरातरा मैदानात गेल्या आणि नामदेवचा हात धरून म्हणाल्या, "आता तुमी हरलाव. आमच्या गावाला हरला त्याला पयलं जेवन! चला घरी!"

अख्खा संघ आमच्या दीड खोलीत! घामाने थबथबलेले गडी भिंतीला टेकून बसले, आणि तांदळाच्या भाकऱ्या थापायला केशरबाई स्वतः आमच्या चुलीपाशी आल्या. ज्या दाराच्या फटीतून हसायच्या, त्या मामींच्या मांडीला मांडी लावून "आमच्या परभणीला अशा भाकरी नसतात बाई" करत होत्या. मामींचं कौतुक करावं की स्वतःच्या भवितव्याची काळजी, मला कळेना. मी दोन्ही केलं!

पुढचा सिनेमा आणखी रंगला. मशीनवाला पोपट पनवेलहून यायचा. त्यालाही मामींनी चटईवर बसवून पोटभर खाऊ घातलं आणि त्याच्या लग्नाचं काय झालं ते विचारलं. त्या गप्पांच्या नादात गड्याने रिळं उलटीसुलटी चढवली! नायक धाडकन मेला, आणि पुढच्या क्षणाला बागेत नाचायला लागला! लोक उठले, शिट्ट्या सुरू झाल्या, पोपटच्या तोंडचं पाणी पळालं.

"बसा!" मामी गरजल्या. "त्याचा आत्मा गातोय त्यो! जीव अडकलाय ना पोरीत!"

सगळे बसले. अहो, बसले काय, बायकांनी पदर डोळ्यांना लावले! ते धांगडधिंग्याचं गाणं वाशीत जेवढं रडून ऐकलं गेलं तेवढं जगात कुठे गेलं नसेल. पोपट तर मामींच्या पायाच पडला. मीना? "बरा होता," म्हणाली.

महिना असा सरला. आता लोक मंडळाला विचारेनात, मलाच विचारायला लागले. कान्हाभाऊ, आज काय आहे? कान्हाभाऊ, उद्या काय आहे? माझी मान नुसती वर झाली! आणि त्याच तोऱ्यात मी घोळ घातला. तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी शेवटचा सामना ठेवू का, असं नामदेवने विचारलं. "ठेवा!" त्याच संध्याकाळी शेवटचा सिनेमा लावू का, असं पोपटने विचारलं. "लाव!" मैदान एकच आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही!

दिवेलागणीला एका बाजूने गडी मांड्या थोपटत आले, दुसऱ्या बाजूने पोपट पडदा ताणत आला. सिनेमावाली माणसं चटया धरून बसलेली, कबड्डीवाली चुन्याच्या रेघांवर उभी. "आधी आमचं!" "नाही, आमचं!" गलका वाढला. शेवटी सामना आधी घ्यायचं ठरलं, खेळ सुरू झाला, आणि मैदानातले बांबूवरचे दिवे फट्‌कन गेले! काळोख! दोन्हीकडची माणसं एकाच नावाने बोंबलायला लागली. ते नाव माझं होतं.

आता मीना चालली, मी मनात म्हटलं. कान्हा, बांध बिऱ्हाड!

"पोपट!" अंधारातून मामींचा आवाज आला. "तुजा दिवा जलतोय ना? मंग टाक ना उजेड मैदानावर!"

पोपटचं मशीन त्याच्या स्वतःच्या जनरेटरवर चालायचं; त्याने झोत सोडला. मैदान लख्ख उजळलं, आणि मागच्या पडद्यावर, अहाहा, गड्यांच्या ताडामाडाएवढ्या सावल्या! नामदेव चढाईला गेला की पडद्यावर राक्षस चढाईला जाई. कबड्डीवाले मैदान बघत होते, सिनेमावाले पडदा बघत होते, आणि ओरडत होते सगळे मिळून. असा खेळ मी जन्मात पाहिला नाही! मी मामींकडे बघत राहिलो. या बाईपुढे हात जोडावेत असं अगदी आतून वाटलं.

आणि मग चटईवर उभी राहून, केशरबाईंच्या खांद्याला धरून, "धर, धर त्याला!" असं आईच्याच आवाजात किंचाळणारी एक बाई दिसली. मीना! माझी मीना!

सामना सुटल्यावर मी तिला गाठलं. "मीना, खरं सांग. रमलीस ना?"

"मी कवाच रमले," ती हसून म्हणाली. "त्या पयल्या शनवारीच."

"मग महिनाभर बरा होता, बरा होता काय करत होतीस?"

"अहो, रमले म्हनले असते तं तुमी सिनेमा बंद केला असता. आनि आये घरी गेली असती!"

मी कपाळाला हात लावला. पण दुसऱ्याच क्षणी आनंदाने उडीच मारली. पैज जिंकली! घरजावई व्हायचं टळलं! मी धावत मामींना सांगायला गेलो.

मामी शांतपणे चटया गुंडाळत होत्या. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि माझं बटण माझ्या तळहातावर ठेवलं.

"घ्या. तुमी सबूद दिला त्या दिसाचा साक्षीदार. पोर रमली तं मी हितं राहायचं, कायमची. माजा जावाय बोलला ते मोडायचा नाय, असं मी केशरबायला कालच सांगितलं. उद्या म्हावऱ्याची पाटी आनि उरलेल्या चटया येतान."

बटण मीनाने त्याच रात्री शिवून दिलं. पैज मी जिंकलो. आता घरात चटया मावत नाहीत, पाहुणे मावत नाहीत, आणि तेव्हापासून मी गॅलरीत झोपतो.