दोन उमेदवार आणि चौदा रोडगे

उमेदवारांना एका मंचावर बसवून सगळ्यांसमोर वाद घालायला लावावं, हे मत अख्ख्या आर्वीत फक्त मला पटलेलं होतं. मी बावीस वर्षांचा, पहिल्यांदाच मत देणार होतो. शिवाय कापसाच्या जिनिंगमधल्या कारकुनीमुळे माझं अक्षर आणि माझी मतं दोन्ही ठाम होती. (अक्षर निदान वाचता तरी यायचं.)

वॉर्डाच्या निवडणुकीत भैयाजी आणि प्रभाकरराव उभे होते. तिसरे कवडूजी होते, पण सगळ्या प्रचारात ते एकच वाक्य बोलले होते, "विहिरीचा गाळ काढतो." एका वाक्यावर वाद कसा घालणार? मी त्यांना बोलावलंच नाही.

"वादानं काय होते?" बाबा म्हणाले. "लोक ज्याले द्याचं त्यालेच देते."

"आपल्या घरातलं एक तरी मत बदलेल," मी म्हणालो. "नाही बदललं तर सहा महिने विहिरीचं पाणी मी भरीन."

आमच्या गल्लीत पुरुषाच्या डोक्यावर घागर आजवर कोणी पाहिली नव्हती. माझी बायको कोकिळा चूल फुंकता फुंकता थांबली.

"घागर काठोकाठ भरा लागते," एवढंच ती म्हणाली.

रविवारी दुपारी चारची सभा ठरली. लाऊडस्पीकर आला. एकाला जेवायला बोलावलं तर दुसरा रुसेल, म्हणून मी दोघांनाही बोलावलं. निःपक्षपातीपणा म्हणजे निःपक्षपातीपणा.

"आधी सभा होऊ द्या, मंग जेवन," कोकिळा म्हणाली. "मी रोडगे करून राह्यली."

"उपाशीपोटी लोकशाही चालत नाही," मी म्हणालो. (हे वाक्य मला चार वाजेपर्यंत फार आवडत होतं.)

गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे मुठीएवढे रोडगे, त्यावर तुपाची धार, शेजारी वांग्याची भाजी. पहिले दोन रोडगे सभ्यपणानं गेले. मग बाबांनी आग्रहाला हात घातला.

"भैयाजी, घ्या अजून एक. घरात तीन मतं हायेत आमच्या."

भैयाजींनी घेतला. प्रभाकररावांनी ते पाहिलं.

"मलेही वाढा."

तिथून पुढं जेवण राहिलं नाही, मतमोजणी सुरू झाली. सातव्या रोडग्याला भैयाजींनी धोतराची गाठ सैल केली आणि प्रभाकररावांनी भिंतीला पाठ टेकली. निकाल बरोबरीत सुटला. मी खुशीत होतो, म्हटलं, काय तुल्यबळ उमेदवार आहेत!

दोघांना धरून मंचावर चढवावं लागलं. गर्दी तर जत्रेसारखी. मी पहिला प्रश्न टाकला, "रस्त्यांचं काय?"

भैयाजी अर्धे उठले आणि पुन्हा बसले. "प्रभाकरराव सांगतीन तेच खरं."

प्रभाकररावांनी एक डोळा उघडला. "भैयाजीचंच खरं."

मी नाल्यांचा प्रश्न विचारला. उत्तरादाखल लाऊडस्पीकरमधून घोरणं ऐकू आलं. ते कोणाचं, यावर मात्र लोकांनी पाऊण तास वाद घातला. कोणी म्हणे भैयाजींचं, कोणी म्हणे दोघांचं आळीपाळीनं. त्या दिवशी झालेला वाद म्हणाल तर तेवढाच.

शेवटी कवडूजी आपली बैलगाडी घेऊन आले. दोघांनाही उचलून गाडीत आडवं केलं आणि ज्याच्या त्याच्या घरी पोचतं केलं.

कवडूजी दणदणीत मतांनी निवडून आले.

"पाहिलंत?" मी घरी नाचतच आलो. "सभेमुळे मतं बदलली!"

"म्या त पैलेच कवडूले द्याचं ठरोलं होतं," बाबा म्हणाले.

"मी बी," कोकिळा म्हणाली. "विहिरीवर कोन जाते घरातून?"

"पण माझं तर बदललं ना? मी भैयाजींचा होतो, मत दिलं कवडूजींना."

"तुमचं रोजच बदलते," ती म्हणाली, "ते धरत नाई." आणि घागर माझ्यासमोर आणून ठेवली.

कवडूजी शब्दाचे पक्के निघाले. निवडून आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या गल्लीतली विहीर गाळ काढायला बंद केली. आता मला पार खालच्या विहिरीवर जावं लागतं, आणि वाट नेमकी भैयाजींच्या ओट्यासमोरून जाते. ते रोज सकाळी तिथं दात घासत बसलेले असतात.

"घनश्याम," ते हाक मारतात, "पुढची सभा घेशीन त मले सांगजो. पन जेवन आधी, बरं का. नाई नको म्हनू."

मला नाही म्हणून जोरात मान हलवायची असते. पण डोक्यावर काठोकाठ घागर असते.