तीन बुरुजांच्या राज्यातील भोंडल्याचे बोलावणे

श्रीगजलक्ष्मी प्रसन्न. जिचे फेरास आरंभ नाही व शेवट नाही, तीस दंडवत घालोन हे वर्तमान लिहिले असे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, आश्विन मास. कोण्ये एके राज्यी तीन बुरूज, बुरुजागणिक अकरा मजले, आणि मजल्यागणिक चार दारे, सर्व लावलेली. तेथे केतकीबाई नामे तरुण बाई राहावयास येऊन वर्ष जाहले. यजमानांची स्वारी कंपनीचे चाकरीस परमुलखी, पदरी आठ महिन्यांची कन्या, आणि दिवसाकाठी कानी पडे तो आवाज लिफ्टमधील बाईचा, तीही फक्त मजला सांगे. मग बाईंचे मनी आले की आपण भोंडला मांडावा आणि बायकांनी हात धरोन फेर धरावा, म्हणजे एक तरी दार ओळखीचे होईल. सोसायटीचे दरबारी अर्ज गुदरला. सचिव बोलिले, "करा की, मॅडम! फक्त डीजे नको." हुकूम जाहला.

मग बाईंनी दोन फौजा सिद्ध केल्या. पहिली मोबाइलची: कन्येस मांडीवर थोपटीत एका हाताने आमंत्रण सजविले आणि ग्रुपवर धाडिले, तो घटकाभरात चौसष्ट अंगठे उभे राहिले आणि "मस्तच गं!" ऐसा जयजयकार जाहला. दुसरी कागदाची: ज्या वृद्ध बाया मोबाइल बाळगीत नाहीत त्यांजकरिता ठसठशीत अक्षरांत पत्रके लिहोन लिफ्टमध्ये आणि फलकावर डकविली. बाईंस वाटले, मुलूख सर जाहला.

षष्ठीचे दिवशी सायंकाळी पाच वाजता आवारात पाट मांडिला, पाटावर तांदळाचा हत्ती काढिला, आणि कन्येस कडेवर घेवोन बाई उभ्या राहिल्या. सव्वापाच जाहले, साडेपाच जाहले. ग्रुपवर पुसले, तो उत्तर आले, "अगं, चौसष्ट जणी येतायत ना? म्हटलं माझ्यावाचून काय अडतंय!" आणि ऐसेच आणिक चौघींनी लिहिले. तीस पावलांवर बाकावर मात्र तिघी वृद्ध बाया मघापासोन पाहत बसल्या होत्या. बाई तेथे जावोन म्हणाल्या, "काकू, तुम्ही पत्रक वाचलं नाहीत का?" त्यांतील एक ठसक्यात बोलिली, "वाचलं की, दोनदा वाचलं. पण कुंकू कुणाला लावलंस? भिंतीला? बोलावल्याशिवाय यायला आम्ही काय आगंतुक आहोत?" दुसरी हसली. तिसऱ्या द्वारकाआजी, त्या पाटावरील हत्तीकडे पाहत राहिल्या.

मग बाई कन्येसह धावत अकराव्या मजल्यावर गेल्या आणि करंडा घेवोन उतरल्या, तो बाकावर द्वारकाआजी एकट्याच. "त्या दोघी दिवा लावायला गेल्या गं. सुना वाट बघतात त्यांच्या." बाईंनी करंडा उघडिला. आजी मागे सरल्या. "मला नाही चालत, बाळा. आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून मला कुणाकडचं बोलावणं नसतं." बाईंनी बोट कुंकवात बुडवोन आजींचे कपाळी टेकविले, म्हणाल्या, "मी बोलावतेय ना, आजी. या." आजी पदर खोवोन उठल्या, म्हणाल्या, "गुडघे धरतात हो माझे." "हळू फिरू." ऐसे म्हणोन बाईंनी कन्येस पाटापाशी बसविले आणि दोघींनी हात धरिले, परंतु दोघींचे हात पाटाभोवती पुरेनात. मग हत्ती बाजूस राहिला, आणि दोघी कन्येस मध्ये बसवोन एकमेकींभोवतीच हळूहळू फिरल्या.

त्या साली त्या राज्यात भोंडला जाहला तो इतकाच. घडले ते मांडिले, पदरचे काही घातले नाही.