मोघे काकांचं फवारणीचं लायसन्स

मोघे काकांना फोन करून "कसे आहात?" असं विचारलं, की ते आधी वाऱ्याचा वेग सांगतात. "सहा. पश्चिमेकडून. फवारायला हरकत नाही." मग आठवलंच तर, "बाकी बरा आहे."

काका भूलतज्ज्ञ. हर्नडनजवळच्या एका हॉस्पिटलात त्यांनी चाळीस वर्षं माणसं झोपवली आणि, ते आवर्जून सांगतात, "सगळी उठवलीसुद्धा!" रिटायर झाल्यावर त्यांच्या मित्रांनी फ्लोरिडात कॉन्डो घेतले. काकांनी तासाभरावर पीचची बाग घेतली आणि बिऱ्हाड तिथेच हलवलं. पहिल्याच वर्षी कीड पडली. जालीम औषध आणायला गेले, तर दुकानदारानं विचारलं, "लायसन्स?" काकांनी डॉक्टरकीचं दाखवलं. दुकानदार पोट धरून हसला.

त्यासाठी शेतकऱ्यांची वेगळी परीक्षा असते. एमबीबीएसला गोल्ड मेडल मिळवलेला हा माणूस पुस्तक न उघडता परीक्षेला बसला आणि दोन प्रश्नांनी नापास झाला. काकूंना सांगितलं, "पेपर पोस्टपोन झाला." मग महिनाभर घरातला टीव्ही बंद. पास झाल्यावर लायसन्स लॅमिनेट होऊन दिवाणखान्यात लागलं. गोल्ड मेडल गराजमध्ये गेलं.

तेव्हापासून जगातली प्रत्येक गोष्ट एक तर कायद्यात बसते किंवा बसत नाही. काकूंनी बाथरूममध्ये क्लीनर मारला, की काका फवारलेल्या बागेला लावतात तसा दाराला कागद चिकटवतात : 'चार तास प्रवेश बंद'. सत्यनारायणाला गुरुजी तीर्थ शिंपडायला लागले तेव्हा काकांनी त्यांचा हात धरला होता. "गुरुजी, पंखा चालू आहे. उडून शेजारच्यावर जातंय. कायद्यात बसत नाही."

हे लायसन्स एकदा मिळालं म्हणजे झालं, असं नसतं. ठरावीक वर्षांनी वर्गाला बसून ते रिन्यू करावं लागतं. काका पहिल्या बाकावर बसतात आणि शिकवणाऱ्याच्या चुका काढतात.

मी मूळचा नागपूरचा, हर्नडनला सॉफ्टवेअरमध्ये. शनिवारी पीच खायला जायचो. दोन वर्षांपूर्वी काकूंनी मला किचनमध्ये गाठलं.

"नेहा क्युपर्टिनोला बोलावतेय रे आम्हाला, कायमचं. लेकीकडे जायचं, तर हे म्हणतात, लायसन्सची मुदत संपली की जाऊ. आणि संपायच्या आत रिन्यू करून येतात!"

बागेत तोवर सातच झाडं उरली होती. बाकीची गारठ्यानं गेली. मी बाहेर जाऊन काकांना सरळ विचारलं, "काका, सात झाडांसाठी लायसन्स?"

काकांनी कुंपणापलीकडे बोट दाखवलं. तिथे शेजारचा वॉल्टर त्याच्या कुरणातल्या काटेरी तणात उभा होता. वय पंच्याहत्तर, पन्नास गाई, घरात एकटा.

"त्याचं लायसन्स नाही. त्याच्या बायकोचं होतं. ती गेली. आता त्याच्या कुरणात मी फवारतो, माझं गवत तो कापतो. पैसे घेतले तर कायद्यात बसत नाही."

"मग त्यानं परीक्षा द्यावी की."

काकांनी कुंपणाकडे पाठ केली. "औषधाचा डबा दिला की म्हणतो, चष्मा विसरलो. मी चाळीस वर्षं ऑपरेशनच्या आधी पेशंटांच्या सह्या घेतल्यात. चष्मा विसरलेला माणूस मला कळतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वाचता येत नाही त्याला. कुठे बोलू नकोस."

त्या हिवाळ्यापासून काकांच्या किचन टेबलवर शाळा भरायला लागली. क्रमिक पुस्तक म्हणजे औषधांच्या रिकाम्या डब्यांवरची लेबलं. वॉल्टर पहिला शब्द शिकला तो 'डेंजर'. दुसरा 'वॉर्निंग'. 'कॅट' आणि 'मॅट' फार नंतर आले. मला दिवसातून चार वेळा "अरे गाढवा" म्हणणारे काका वॉल्टर एका शब्दावर पाच मिनिटं अडला तरी हूं की चूं करत नसत.

काकू चहा गाळता गाळता मला म्हणाल्या, "तो पास झाला, की ह्यांना इथे राहायला निमित्त उरत नाही. कळतं ह्यांना ते. तरी शिकवतात."

दुसरा हिवाळा संपताना वॉल्टरनं परीक्षा दिली. तीन आठवड्यांनी पत्र आलं. ते घेऊन तो काकांकडे आला, पण त्यांच्या हातात देईना. दारातच उभं राहून, बोटानं एकेक शब्द दाबत त्यानं स्वतः वाचलं. "यू... हॅव... पास्ड."

काकांनी त्याच्याशी हात मिळवला. "आता खाली सही कुणाची आहे तेही वाच," एवढंच म्हणाले आणि कोट आणतो म्हणून आत गेले. बराच वेळ आले नाहीत.

शनिवारी वॉल्टरनं पास झाल्याबद्दल आम्हाला ॲपल पाय खायला गावात नेलं. गाडी मी चालवत होतो. परतताना वॉल्टर पुढे बसला, काका मागे. वॉल्टर दिसेल तो बोर्ड मोठ्यानं वाचायला लागला.

"फ्रेश एग्ज."

"करेक्ट," मागून काका.

"नो... ट्रेसपासिंग."

"करेक्ट."

"चर्च सपर. फ्रायडे."

"करेक्ट."

काकांचा आवाज दर बोर्डाला थोडा थोडा खाली येत होता. मी आरशात पाहिलं. ते बोर्डांकडे बघतच नव्हते, वॉल्टरच्या पांढऱ्या केसांकडे बघत होते.

फार्मचा फाटा आला. मी इंडिकेटर लावला.

"सरळ घे रे," काका मराठीत म्हणाले. "लांबच्या रस्त्यानं जाऊ. तिकडे बोर्ड जास्त आहेत."