धपाट्याची शिवण

कळमनुरीच्या पंचफुलाबाईंना शिवणयंत्र हवे आहे, ही वस्तुस्थिती समितीने पहिल्याच बैठकीत एकमताने मान्य केली. इतक्या लवकर एकमत झाल्याचा प्रसंग आमच्या कक्षाच्या इतिहासात दुसरा नाही. मी त्या समितीचा सदस्य-सचिव. समितीचे पूर्ण नाव ‘सूक्ष्म चर्मकला यंत्र निवड समिती, हिंगोली’. त्यात ‘सूक्ष्म’ हा शब्द माझ्या आग्रहाने घातला गेला, याची नोंद व्हावी.

अर्ज साधा होता. पंचफुलाबाई आणि त्यांचे सासरे सोनाजी चामड्याची पाकिटे शिवतात. पुण्याच्या एका दुकानाने त्यांना दोनशे पाकिटे सांगितली होती, दिवाळीच्या आत. सोनाजी आजवर आरीने, म्हणजे चांभारी टोच्याने, भोक पाडून हाताने शिवत आले. पण आता त्यांच्या एका डोळ्याने दिसत नव्हते आणि दुसऱ्याने दिसते असे फक्त तेच म्हणत होते. दर चार टाक्यांना आरी बोटात जायची. यंत्र वेळेत मिळाले तर म्हाताऱ्याची बोटे वाचणार होती आणि पुण्याचे गिऱ्हाईकही टिकणार होते.

“साहेब, कोंची मशीन पायजे ते मी बघून ठेवलंय,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “तिचा वरचा पाय बी चालतो आन खालचे दात बी चालतात. कातडं दोन्हीकडून सरकतं, ओरखडा उठत न्हाई. नांदेडला एकाकडं दोन दिस चालवून पाह्यली.”

कक्षप्रमुख विश्वजीत साहेब समजुतीने हसले. “बाई, तुम्ही लाभार्थी. लाभार्थ्यानेच निवड केली, तर निवड समितीने काय करायचं?”

रीतसर तीन यंत्रे चाचणीसाठी मागवण्यात आली. पहिले कापडाचे, शर्ट-पँट शिवणारे. दुसरे बाई म्हणत होत्या ते. तिसरे ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे, ज्याला उचलायला चार माणसे लागली आणि ज्याने आमच्या फरशीला तडा दिला. यंत्र म्हणजे काय हे तिसऱ्याकडे पाहून पटत होते.

चाचणीच्या दिवशी पंचफुलाबाई चामड्याचे तुकडे फडक्यात बांधून आल्या आणि दारातच अडल्या. दारात गोपाळराव उभे होते. गोपाळराव आमचे हेडक्लार्क आणि समितीचे ज्येष्ठ सदस्य. त्यांच्या घराकडे तीन पिढ्यांपासून देवळाची पूजा आहे.

“श्रावण चालू हाय,” गोपाळराव म्हणाले. “कातडं आत येणार न्हाई.”

“साहेब, मशीन कातड्याचीच हाय.”

“मशीन लोखंडाची हाय. ती आत हाय. कातडं भायेर ठिवा.”

पंचफुलाबाईंनी त्यांच्या कमरेकडे बोट दाखवले. “मग तुमच्या कमरेचा पट्टा कशाचा हाय, साहेब?”

“तो वापरातला हाय,” गोपाळराव शांतपणे म्हणाले. “वापरातलं येगळं, नमुन्याचं येगळं.”

हा फरक विश्वजीत साहेबांना इतका आवडला की त्यांनी तो लगेच इतिवृत्तात घ्यायला सांगितला. चाचणी पुढे ढकलण्याची सोय नव्हती. मुदत त्याच दिवशी संपत होती. तेव्हा चामड्याऐवजी समतुल्य पदार्थ वापरावा असे ठरले. कोणी रेक्झिन सुचवले. पण रेक्झिन दिसते चामड्यासारखेच, आणि श्रद्धा ही बघण्यावर असते, म्हणून ते फेटाळण्यात आले. घोंगडीचा तुकडा झाला, पुठ्ठा झाला, सतरंजीचा कोपरा झाला. दीड वाजला. जेवणाची वेळ टळू लागली तेव्हा मी अभावितपणे माझा डबा उघडला.

डब्यात ज्वारीचे धपाटे होते. आमच्या सौ. सुमनबाई सकाळी सहालाच धपाटे थापतात, आणि सकाळचा धपाटा दुपारी काय होतो हे हिंगोलीकरांना सांगायला नको. दात शाबूत असलेल्या माणसानेही तो दोन्ही हातांनी धरावा. आमचे तांत्रिक तज्ज्ञ (पाणीपुरवठ्याचे अभियंते, दुसरे मिळाले नाहीत) पुढे आले. त्यांनी धपाटा वाकवून पाहिला, मोजपट्टी लावली आणि अभिप्राय दिला: जाडी दोन मिलिमीटर, लवचीक, तेल पाजलेला, रंग तपकिरी, पूर्णतः शाकाहारी. साहेबांनी मान डोलावली. मला त्या क्षणी सुमनबाईंचा फार अभिमान वाटला.

पहिल्या यंत्राखाली धपाटा घातला, तो पुढे सरकेचना. दातांत पीठ अडकले आणि यंत्र बाद झाले. दुसऱ्या यंत्राने मात्र बाईंच्या शब्दाबरहुकूम धपाटा अलगद वरून-खालून धरला आणि इतके बारीक, सरळ टाके घातले की पाहत राहावे. शेवटचा टाका पडला आणि धपाटा शिवणीवरून नीट दोन भागांत वेगळा झाला. इतक्या जवळजवळ पडलेली भोके धपाट्याला सोसत नाहीत. ‘यंत्र अनावश्यक बारीक काम करते’ असा शेरा पडला.

“अहो, त्यो धपाटा हाय म्हणून फाटला,” दाराबाहेरून पंचफुलाबाई म्हणाल्या.

“चाचणीच्या वेळी लाभार्थ्याने बोलू नये,” मी म्हणालो. ते मलाच म्हणावे लागते.

तिसऱ्या यंत्राची सुई पोते शिवायच्या दाभणाएवढी होती. तिने दोन धपाट्यांतून धडाधड पाच टाके घातले. भोके मोठी पडली. पण धपाट्याला थापतानाच बोटाने भोके पाडायची आपल्याकडे रीत आहे, त्यामुळे ती दोष म्हणून धरता आली नाहीत. जोड पक्का होता. साहेबांनी ओढून पाहिला, अभियंत्यांनी ओढून पाहिला, गोपाळरावांनी खाऊन पाहिला. तिसऱ्या यंत्राची निवड जाहीर झाली.

आठवड्याने यंत्र जीपमध्ये घालून कळमनुरीला पोहोचले. त्यानंतर चौथ्या दिवशी पंचफुलाबाई पुन्हा कार्यालयात आल्या. त्यांनी टेबलावर एक पाकीट ठेवले. टाक्यांच्या भोकांतून पलीकडचे कॅलेंडर दिसत होते.

“बदलून द्या साहेब. कापडाचं उसवता येतं. कातड्याला एकदा भोक पडलं की पडलं, ते बुजत न्हाई. चार पाकिटाचं कातडं वाया गेलं.”

विश्वजीत साहेबांनी फाइल मागवली. फाइलला मुंग्या लागल्या होत्या, कारण चाचणीचा नमुना पुरावा म्हणून आत जोडला होता. साहेबांनी मुंग्या झटकल्या आणि शांतपणे विचार केला.

“यंत्र धपाट्यावर चाललं. चामड्यावर चालत नाही. मग दोष कुठे आहे?”

“चामड्यात,” गोपाळराव म्हणाले.

त्याप्रमाणे पत्र गेले. लाभार्थ्याने मान्य नमुन्याच्या दर्जाचे चामडे वापरावे. महिनाभरात पाहणी होईल. पाहणीच्या वेळी यंत्र बंद आढळल्यास ते परत घेऊन लाभार्थ्याचे नाव सर्व योजनांतून वगळण्यात येईल.

पाहणीला साहेब, गोपाळराव आणि मी असे तिघे गेलो. पंचफुलाबाई शहाण्या. त्यांनी पहाटेच धपाटे थापून गार करून ठेवले होते. आमच्यासमोर त्यांनी ते दोन-दोन जोडून शिवले, एकाचाही तुकडा पडला नाही. साहेब यंत्राशेजारी उभे राहिले, फोटो निघाले. ‘यशोगाथा’ या सदराखाली तो फोटो आता आमच्या जिन्यात लावलेला आहे.

मी पाणी प्यायला आत गेलो. आत खिडकीशी सोनाजी बसले होते. चष्मा कपाळावर सरकवलेला, कारण त्याचा उपयोग राहिला नव्हता. डाव्या हाताच्या तीन बोटांना चिंध्या होत्या. ते चाचपून भोक शोधत आणि त्यात सुई घालत.

“कितवं पाकीट, बाबा?” मी विचारले.

“पाकीट सूनबाई मोजती साहेब,” ते म्हणाले. “मी बोटं मोजून राह्यलो.”

मला वाईट वाटले. खरोखर वाटले. पाहणीच्या छापील नमुन्यात त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून मी पाणी पिऊन बाहेर आलो.

दोनशे पाकिटे दिवाळीच्या चार दिवस आधी पुण्याला गेली. एकाही पाकिटाची शिवण सरळ नव्हती. दुकानदार सगळा माल परत पाठवणार, अशी पंचफुलाबाईंची खात्री होती. माल परत आला नाही, फोन आला. त्याची हकीकत सांगायला त्या मुद्दाम कार्यालयात आल्या. आवाजात राग नव्हता, तेच मला जड गेले.

“समदी खपली म्हणतो. अजून चारशे पायजेत. मशीनवर नगं, हातानंच करा म्हणतो, आन टाका असाच वाकडा ठिवा. मी म्हणलं, काहून? तर म्हणतो, लोकाला तेच आवडून राह्यलं. आता तुमी ती मधली मशीन दिली तरी काय करू, साहेब? मामंजीला दिसत न्हाई, म्हणून तर वाकडं येतं.”

नंतर माझी पुण्यातली भाची आरोही सणाला आली, तिने मला त्यातलेच एक पाकीट भेट दिले. आत जाड कागदाची चिठ्ठी होती: ‘अनुभवी हातांची निर्मिती. टाक्यातला किंचित डौलदार वाकडेपणा ही अस्सलतेची खूण.’ विश्वजीत साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणाले की समितीचा निर्णय दूरदर्शी ठरला.

एवढ्यावर प्रकरण मिटले असते. पण लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आहे: ‘निवडीस अंतिम ग्राहकाची पसंती जोडलेली नाही.’ पंचफुलाबाई ग्राहक नाहीत, सोनाजी तर नाहीतच, आणि माझे पाकीट भेटीतले असल्याने ते धरत नाहीत. तेव्हा वाचकहो, ग्राहक म्हणून तुम्हीच उरता; कृपा करून तुमचे पाकीट काढा. टाका वाकडा असेल, तर तो तुम्ही दुकानात अंगठा फिरवून, सोबतच्या दोघांना दाखवून, पसंत करून घेतलेला आहे. खाली तुमच्या नावाची जागा सोडली आहे. तेवढी सही करा, म्हणजे फाइल बंद होईल आणि चारशेचे काम पुढे चालू राहील.