पूजा झालेला काटा

वालूरच्या बाजारगल्लीत बन्सीधरची पिठाची गिरणी व्हती आन् ती चांगली चालायली व्हती. तिच्यात दोष निघाला तो हाच. ती चालायलीय हे बन्सीधरला कानानं कळायचं, पण डोळ्यानं दिसत नव्हतं. त्यात वेशीपाशी सितारामनं नवी गिरणी टाकली. गिऱ्हाईक तिकडं सरकलं तर बापानं उभी केलेली गिरणी बसती, मग खायाचं काय?

त्याच हप्त्यात त्याचा मेव्हणा सूर्यभान औरंगाबादेहून कंप्युटरचा कोर्स करून आला. कोर्सात कंप्युटर एकच व्हता, काचेच्या खोलीत. चपला बाहेर काढून आत जायचं, लांबून बगायचं आन् परत चपला घालायच्या. पण सर्टिफिकीट मिळालं व्हतं, फ्रेमसकट.

“दाजी, तुमी धंदा अंधारात करायलात.”

“लाईट हाय की.”

“तसा अंधार न्हाई, माहितीचा. मोठ्या कंपनीत साहेब खुर्चीत बसतो, समोर फळा. एक नजर टाकली की धंद्याची नाडी कळती.”

“आन् दळतं कोण?”

“ते खालची लोकं बगतेत.”

बन्सीधरला खुर्ची लय पसंत पडली. सूर्यभाननं प्लायवूडच्या फळ्यावर घड्याळावानी दोन तबकड्या काढल्या. एकीवर लिवलं ‘गिऱ्हाईक’, दुसरीवर ‘समाधान’. निवडणुकीच्या भिंती रंगवणाऱ्या पेंटरनं दोन्हीला लाल, पिवळा, हिरवा मारून दिला. डालड्याचा पत्रा कापून काटे केले. नवी वस्तू आली म्हंजी पूजा आलीच. बन्सीधरच्या बायकोनं, केशरबाईनं, फळ्याला हळद-कुंकू लावलं, काट्यात झेंडूचं फूल खवलं, नारळ फुटला.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक जरा कमी आलं. सूर्यभाननं काटा खाली घेतला तशी केशरबाई कडाडली, “पूजा झालेला काटा खाली वढतूस? लक्ष्मीला धक्के मारून हाकलायलास का रं?”

सूर्यभाननं इचार केला. “अक्का, बराबर हाय तुझं. कंपनीत बी कुणी खाली आणत न्हाई. आणला तर कारण सांगावं लागतं.”

तवापासून सदरहू काटा फक्त वरच्या दिशेनं चालंल, असा नियम लागू झाला.

‘समाधान’साठी दळणाच्या आधीच जबाब घ्यायचा ठरला. दगडाबाई कंबरेवरून ज्वारीचा डबा उतरवायली, तवर सूर्यभान पुढं.

“मावशी, सेवेबद्दल समाधानी हाव का?”

“कोन्ती सेवा? आजून दळलं कुठं?”

“दळल्यावर पीठ बगून मत बिघडतं. आमाला शुद्ध मत पायजे.”

“बन्सी, लेका, ह्याला सावलीला घे. ऊन लागलंय.”

सूर्यभाननं ‘गिऱ्हाईक मोकळेपणानं बोलतं’ असा निष्कर्ष काढून काटा वर सरकवला.

आता गिऱ्हाईक मोजायचं कसं? वालूरात रांगेत माणूस थांबत न्हाई, डबा थांबतो. डबा ठिवून बाई रानात जाती, पाण्याला जाती, भांडायला बी जाती. नंबर कुणी मोडत न्हाई. म्हनून डबेच मोजायचं ठरलं. मोजता मोजता सूर्यभानला शोध लागला.

“दाजी, दळलं की डबा जातो. म्हंजी दळणामुळं आपलं गिऱ्हाईक घटायलंय.”

बन्सीधर खुर्चीतून अर्धा उठला. “आन् न्हाई दळलं तर?”

“तर ऱ्हातं!”

“आयला! इतकी वर्षं आमच्या बापानं गिऱ्हाईक हाकललंच म्हनायचं की.”

त्यानं मोटारीचा पट्टा उतरवला आन् खुंटीला टांगला. रांग वाढली. काटा हिरव्यात शिरला. बायका दोन दिवस बोंबलल्या, मग त्यांनी आपला इंतजाम केला. पयल्यांदा दगडाबाईनं. ज्वारीचा डबा उचलून सितारामकडं नेला आन् त्याच्या जागी घरचा गळका डबा ठिवला.

“नंबर कामून सोडावा? उद्या ह्याचं डोकं ठिकाणावर आलं तर?”

बाकीच्यांनी तेच केलं. रिकाम्या डब्यांची रांग मारुतीच्या देवळापस्तोर गेली. एका डब्यात कोंबडी बसली. सूर्यभाननं झाकण उचलून बगितलं आन् तिला ‘नवीन गिऱ्हाईक, मुक्कामी’ असं धरलं. हिरवा रंग संपला म्हनून पेंटरला परत बोलवून आजून हिरवा मारला.

ही तरक्की ऐकून तालुक्याहून लघुउद्योगाचे साहेब जीपमधी आले. ते आधी फळ्याम्होरं हुबे ऱ्हायले, मग रांगेकडं बगितलं.

“मशीन बंद का हो?”

“साहेब, मागणीच लय हाय.”

“वा! आवाज नाही, धूळ नाही. छोट्या उद्योजकानं असं शास्त्रोक्त चालायला पाहिजे.”

साहेबांनी बन्सीधरला शाल घातली, कोंबडीच्या डब्यापाशी फोटो काढला आन् जाता जाता जीप वेशीपाशी सितारामच्या दारात थांबवली.

शाल पांघरूनच बन्सीधर जेवायला बसला. ताटात नुसतं वरण.

“भाकर?”

“पीठ सरलं,” केशरबाई म्हनली आन् डबा कंबरेवर घेतला. “सितारामकडून आणते.”

“आगं, घरची गिरणी असताना?”

“तिथं नंबर कवा लागायचा? मारुतीपस्तोर डबे हायेत.”

बन्सीधरचं डोकं सणकलं. मालकीणच गेली तर गावात काय इज्जत? तो तिच्या मागं पळत सुटला. वेशीपाशी आला तर समदं चिडीचूप. सिताराम शिडीवर चढून फळा ठोकायलेला. खाली त्याची बायको हळद-कुंकवाचं ताट धरून हुबी. गिरणीचा पट्टा खुंटीला.

बन्सीधरच्या जिवात जीव आला. “चला! म्हंजी गिऱ्हाईक कुठंच गेलं न्हाई.”

त्या दिसापासून वालूर ज्वारीच्या घुगऱ्या खायलंय. केशरबाईनं मात्र आपला डबा सितारामच्या रांगेत ठिवलाच. तिकडचा काटा सरकला आन् बन्सीधर दोन दिवस तिच्याशी बोलला न्हाई.

तुमी हसायलात. हसा. पण इथवर थांबलातच की, म्हंजी तुमचा डबा बी सूर्यभाननं मोजलाय. तुमाला दळण मिळालं का, ते त्यो इचारणार न्हाई. समाधानी हाव का, येवढंच सांगा. न्हाई म्हनलात तरी फिकीर न्हाई. काटा वरच जाणार.